पुण्याला गेलेलं माझं रक्त

मु. पो. पणदरे
ता. १० डिसेंबर १९५६

तीर्थस्वरूप गं. भा. बनाआक्कास, धाकट्या महिपतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. बावड्याला तुझी आणि रावजीच्या पोराबाळांची तब्येत बरी असेल. माझी बरी आहे असं लिहिणार होतो, पण आता ती कागदावर आलीय.

झालं असं, की दिवेलागणीला मला दिसेनासं झालं. एकदा गोठ्याच्या खांबाला शेजारचे अप्पा समजून राम राम घातला. (खांब गप्प, म्हणून रागावून आलो.) दुसऱ्या दिवशी खुद्द अप्पा उभे होते, तर त्यांच्या खांद्यावर बैलाचा कासरा अडकवला. त्यांनीच मला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्त पुण्याला तपासू, अंगात जीवनसत्त्व किती ते कळेल. बाटली नेणारा माणूस गुरुवारी जायचा, रक्तही त्याच दिवशी काढायचं, म्हणजे मला चार दिवस मिळाले. शाळेत परीक्षेआधी करायचो तसं केलं. मेथीच्या जुड्या कच्च्याच चावल्या. तरी नापास. कागद आला, 'अ' जीवनसत्त्व फार कमी.

डॉक्टरांनी विचारलं, जेवायला काय असतं? मी म्हणालो, सगळं असतं. त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. मग मला सांगावंच लागलं, "मालकीण गेल्यापासनं भाकरी, चटणी आन् च्या. दोन वर्सं झाली." हे मी कुणालाच बोललो नव्हतो, आक्का.

त्यांनी माशाचं तेल दिलं (मिशीला लागलं, तर दोन मांजरं एस.टी.पर्यंत सोडायला आली) आणि पालेभाजी खा म्हणाले. म्हणून बांधावर गेलो. तिथली पाथरी, तांदुळजा तू पदराचा ओटा भरून आणायचीस. मी तोंड फिरवलं की पहिला घास स्वतः खाऊन म्हणायचीस, "बघ, मेले का मी?" (मी दर वेळी जरा वेळ वाट बघायचो.) आता ऊस पार बांधापर्यंत आलाय. पाटाकडेला थोडी घोळ मिळाली. मीच शिजवली, मीठ दोनदा पडलं. पहिला घास घ्यायला समोर कुणी नव्हतं.

तुझा,
महिपती

ता. क. तेल लागू पडलं. आता दिवे लागल्यावरही सुईत दोरा ओवतो.

आणखी ता. क. आक्का, तू इकडं राहायला ये. भाजी मला जमेल, पण घरात माझ्याशिवाय कुणी बोलत नाही. रावजी तुला सहजी सोडायचा नाही, तेव्हा मामाला काहीच दिसत नाही असं त्याला सांग आणि वरचा ता. क. फाडून टाक.

शेवटचा ता. क. हे पत्र तुला रावजीच वाचून दाखवत असणार, हे आत्ता ध्यानात आलं. रावजी, बाबा, आईला पाठव.