दोन डाव्या बाह्या

१२ मार्च, दुकानातून

चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. शिलाई मशीनला तेल दिलं, आरसा बदलला. वकीलबाई कोटासाठी रोज डोकं खातात. कामाच्या रगाड्यात तुझ्याकडे हॉस्पिटलात यायला जमलं नाही बघ.

नर्सबाई म्हणाल्या, तू आता नीट बोलतेस, स्वतःच्या हाताने जेवतेस. इतकं बरं वाटलं गं! आजार वाढला त्या दिवसांतलं तुला काही आठवत नाही, असंही म्हणाल्या.

मग मीच सांगते. तुझ्या दुखण्याची मला सवय झाली होती. ल्युपस म्हणजे सांधे, थकवा आणि गालावरचे चट्टे, एवढंच माझ्या डोक्यात. त्यामुळे तुझं डोकं सारखं ठणकायला लागलं, जुन्या गिऱ्हाइकांना तू नावं विचारायला लागलीस, इस्त्री तुझ्याबद्दल कुजबुजते म्हणालीस, तरी मला वाटलं, कामाचा कंटाळा. वकीलबाईंच्या कोटाच्या दोन्ही बाह्या तू डाव्या कापून जोडल्यास, आणि माझा पारा चढला.

दुकानात तुला फिटचा झटका आला, हे तुला कळलं असेल. त्याच्या आधीचं कुणी सांगितलं नसेल. तू कात्री हातात घेऊन विचारलंस, "ताई, ही कशी धरायची गं?" मी कोट न्यायला आलेल्या वकीलबाईंकडे बघून हसले. म्हटलं, "पुरे झाली नाटकं. बाह्या उसव, मगच जेव." तू मुकाट्याने उसवत बसलीस, आणि तिथेच कोसळलीस.

डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, आज सकाळपासून. धडधडीत खोटं! दुसऱ्या दिवशी त्यांनी परत खोदून विचारलं, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. ते ओरडलेसुद्धा नाहीत. "ल्युपस मेंदूवरही जातो. माणूस वेगळं वागायला लागलं की त्याच दिवशी आणायचं," एवढंच म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि तुला आठवत नाही हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? सुटले बाई! लिहितानाही लाज वाटते, पण तेच आलं. तुझ्या विसरण्याच्या आडोशाला मला राहायचं नाही.

कामाचं निमित्त खोटं आहे. तू शुद्धीवर आल्यापासून मी रोज वॉर्डाच्या दारापर्यंत येते आणि परत फिरते. उद्या हे पत्र नर्सबाईंकडे देऊन बाहेर बाकावर बसेन. वाचून राग आला, तर हाक मारू नकोस. मी परवा पुन्हा येऊन बसेन.

'तुझी' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
ताई