चाळीस खुणा

१४ ऑक्टोबर

ती. ताई,

नमस्कार. मी बरा आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. दाजींचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना आधी दुखरा पाय टाका म्हणावं. एका हाडांच्या दवाखान्याची साइट महिनाभर माझ्याकडे होती, त्यातलं एवढंच डोक्यात राहिलंय.

तुझं पाकीट येऊन आठवडा झाला. बाबांची वही मिळाली. तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. तोंडाने जमेना, म्हणून हे पत्र.

तू लिहितेस, "बाबा गेल्याचं त्यांच्या साइटवरच्या त्या चाळीस लोकांना कोणी कळवलं का? तू त्याच धंद्यातला, तूच शोध त्यांना. बिचाऱ्यांना बाबांचा किती लळा होता." ताई, हे वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो.

आधी माझं काम काय ते सांगतो. तू विचारायचीस आणि मी "कॉम्प्युटरचं" म्हणून उडवून लावायचो. आपण पुस्तकात खूण घालतो ना, तशी इंटरनेटवरच्या पानालाही घालता येते. फरक एवढाच, की ही खूण चारचौघांना दिसते. सोबत विषयाचा एखादा शब्द टाकायचा, म्हणजे तेच शोधणारा दुसरा माणूस त्या शब्दावरून तिथे पोचतो. सोशल बुकमार्किंग म्हणतात त्याला. पुष्कळांनी खूण घातली की पानावर भरवसा बसतो, वाचक येतात, साइट वर चढते. कल्पना चांगली आहे गं. कोणीतरी वाचलं, आवडलं, दुसऱ्याला दाखवलं. सगळी किंमत त्या 'कोणीतरी'ची. आमच्या ऑफिसात तो कोणीतरी नसतोच. आम्ही सहा जण असतो आणि प्रत्येकाची शंभर खोटी नावं. गाद्यांचं दुकान असो की दातांचा दवाखाना, न वाचता खूण घालायची आणि पुढे जायचं. मागे वळून बघायचं नाही, हा आमच्या साहेबांचा पहिला नियम.

बाबांनी शिलाई मशीनवरची साइट काढली तेव्हा त्यांच्या मशीनच्या दुकानावरून आमचं वाजलेलं होतं. फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलणं नव्हतं. एका बोटाने टाइप करून त्यांनी सगळं लिहिलं, टाका का सुटतो, दोरा का तुटतो, आकृत्यांसकट. मग एकदा त्यांनीच विचारलं, "माझं पान कोणी बघतं का रे?"

कोणी बघत नव्हतं. ते सांगायची हिंमत नव्हती आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसायची दानत नव्हती. मी एका दुपारी चाळीस नावं काढली. शिंपीकाका, जुनीमशीन, वाकडीसुई, एकटाका. प्रत्येक नावाने एक खूण घातली, खाली एक प्रश्न टाकला आणि चहाला गेलो. ताई, ते चाळीसही लोक मीच आहे.

बाबा किती हरखले ते तू पाहिलंस. तीन-चार महिन्यांनी खुणांच्या त्या साइटवाल्यांना लबाडी कळली. त्यांनी माझ्या सगळ्या खुणा पुसल्या, आणि खाली बाबांनी लिहिलेली उत्तरंही गेली. बाबांचं पान शोधात इतकं मागे पडलं की नाव घालूनही सापडेना. भलं करायला गेलो आणि होतं तेही घालवून बसलो. बाबांचा फोन आला. "ते चाळीस जण कुठे गेले रे?"

मी म्हटलं, "लोकांचं काय बाबा, येतात, जातात."

बाबा "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांची उत्तरं मी तेव्हा उघडूनही बघितली नव्हती. नियम ना! बाबांनी प्रत्येकाचं नाव, शब्द आणि स्वतःचं उत्तर वहीत उतरवून ठेवलं होतं, ते आता वाचलं.

तू विचारलंस, प्रत्येक नावासमोर बाबांनी एकाच शब्दाला लाल गोल का केलाय. खुणेसोबत मी तोच शब्द चाळीस वेळा टाकला होता. दुरूस्ती. त्यातला 'रु' ऱ्हस्व हवा. मी दीर्घ काढतो, चौथीपासून काढतो. दुकानाच्या पाटीचा मजकूर मी लिहून दिला, रंगाऱ्याने तसाच रंगवला आणि बाबांनी पाटी उतरवली, आठवतं? "चिरंजीवांनी दुकानाची शोभा केली," असं महिनाभर गिऱ्हाइकांना सांगत होते. तोच शब्द, तीच चूक, चाळीस अनोळखी माणसांच्या हातून. बाबांनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

ओळखूनही एकेकाला उत्तर दिलं. वाकडीसुईला लिहिलंय, "दोरा सारखा तुटत असेल तर दोऱ्याला दोष देऊ नका. बहुतेक वेळा ताण जास्त दिलेला असतो. माझ्या हातूनही दिला गेला आहे."

एकोणचाळीस जणांना 'तुम्ही' आहे. चाळिसाव्याला लिहिलंय, "हे लिहून समजणार नाही. मशीन घेऊन ये. दुकान सातपर्यंत उघडं असतं. मशीन नसेल तर नुसता ये."

शेजारी तू पेन्सिलीने लिहिलंयस, 'इथे बाबांकडून चुकून तू झालं.' चुकून नाही गं.

त्या उत्तराखालची तारीख ते जायच्या आठ महिने आधीची आहे. गिऱ्हाईक नसलं तरी सातच्या आत शटर ओढू देत नाहीत, म्हणून तू वैतागायचीस. ते माझी वाट बघत होते, ताई. मला न लाजवता एक दार उघडं ठेवलं होतं. फोनवरही मलाच विचारत होते. "इथेच आहे बाबा," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, लोक येतात, जातात.

दुकान विकायचं ठरवलंयस, ठीक आहे. माझी सही पाठवतो. वहीही परत पाठवतोय, ती माझ्याकडे ठेवायची माझी लायकी नाही. तू सांगितलंस तसं बाबा गेल्याचं त्या चाळिसांना कळवलं आहे. त्यांच्यापैकी एकालाही वेळेवर जाता आलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. दुरुस्ती. आज बरोबर लिहिलं. तपासायला कोणी नाही.