म्हशीचं मशीन

३ नोव्हेंबर

मशीन आलं! लॅपटॉपएवढं, गळ्यात अडकवायचं. प्रोब इतका नाजूक आणि स्वच्छ, की आपल्याला कुठे घालणार आहेत हे त्या बिचाऱ्याला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

सोबत कागदांची चळत. नोंदणी, परवानगी, कुठे नेलं, कुणाच्या ताब्यात. म्हशीच्या सोनोग्राफीला एवढा बंदोबस्त! कारण साधं आहे — मशीनला म्हैस आणि बाई यातला फरक कळत नाही. आणि सरकार आपल्या माणसांना पुरतं ओळखून आहे.

सर म्हणाले, "तनुजा, मशीन नजरेआड करायचं नाही. लघवीला जातानासुद्धा बरोबर." पीएच.डी.चे गाईड म्हणून इतक्या दिवसांत त्यांनी दिलेला हा पहिला स्पष्ट सल्ला.

५ नोव्हेंबर

धायरी. जयसिंगरावांचा गोठा. तिन्ही बाजूंना टॉवर, मधे म्हशी. बाल्कनीतले लोक सोसायटीच्या ग्रुपवर वासाची तक्रार करतात आणि सकाळी खाली येऊन त्याच म्हशींचं दूध नेतात. जयसिंगराव जमिनी विकता विकता बिल्डर झाले, म्हशी मात्र हौसेखातर ठेवल्यात. प्रयोगासाठी त्या आम्हाला मोकळ्या करून दिल्यात. मोठं मन आहे. निदान आज तरी.

प्रयोग काय — रेतन केल्यावर म्हैस गाभण राहिली का, हे नुसत्या दुधाच्या चाचणीवरून किती लवकर कळतं. चाचणी खरी की खोटी हे ठरवायला माझी सोनोग्राफी. म्हणजे मी यशस्वी झाले तर पुढे कुणाला म्हशीत हात घालावा लागू नये. माझा आज खांद्यापर्यंत होता. एकीने ऐन वेळी शेपूट तोंडावर मारलं. तोंड उघडं होतं. पुढचं लिहीत नाही.

जयसिंगरावांच्या आई, सोजरबाई, बाजेवर बसून सगळं बघत होत्या.

"आडनाव काय म्हनला?"

"गायकवाड."

"कुठले गायकवाड?"

"कर्वेनगरचे."

समाधान झालं नाही. "घरात देव कुठला?"

"देव नाहीत आजी. दोन फोटो आहेत. एक बुद्धाचा, एक निळ्या कोटातला."

समाधान झालं. चहा आला. बाकीच्यांना कपबशी, मला कागदी कप. स्वच्छतेसाठी असेल. असेलच.

८ नोव्हेंबर

हात वर होत नाही. केस आईने विंचरून दिले. वय वर्षं एकतीस, शिक्षण पशुवैद्यक.

१२ नोव्हेंबर

मी "गाभण!" म्हटलं की सोजरबाई हात जोडतात — "रेडी होऊ दे गं बया!" रेडी झाली तर उद्याची म्हैस, दूध. रेडा झाला तर खायला काळ. गोठ्यात मुलीच हव्यात सगळ्यांना.

आज जयसिंगरावांची बायको नीट भेटली. निकिता. माहेर कराडकडचं, लग्नाआधी बँकेत होती. एक मुलगी आहे, बालवाडीतली, आणि आता पुन्हा दिवस गेलेत. पाणी घेऊन आली ती तिथेच रेंगाळली. "मला दाखवाल?" स्क्रीनवर म्हशीच्या पोटातला ठिपका दाखवला — हृदय. लुकलुक लुकलुक.

"एवढंसं? आणि किती घाईत आहे!" म्हणाली. बराच वेळ बघत उभी होती. म्हैस वैतागली, तेव्हा निघाली.

१५ नोव्हेंबर

आज मला कपबशी! सोनेरी काठाची. वर बाकरवडी. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सोजरबाई शेजारी सरकल्या. आधी थंडी, मग पेंडीचे भाव, मग — "डाक्टरीणबाई, ह्या मशिनीत म्हशीचं समदं दिसतंय न्हवं? रेडा का रेडी, त्ये बी?"

"जरा उशिरा दिसतं. पण दिसतं."

"मग आमच्या निकिताचं बी बघा की. पयली पोरगीच हाय. आत्ताच कळलं म्हंजी पुढचं बघाय बरं."

पुढचं बघायला! काय साधे शब्द आहेत.

मी हसले. म्हटलं, "आजी, म्हशीचं मशीन आहे हे. शिंगं दिसतील!" त्याही हसल्या. मी बाकरवडी संपवली आणि गाडीवर घरी येईपर्यंत स्वतःवर खूश होते — काय शिताफीने टाळलं!

आईला रंगवून सांगितलं. आई जन्मभर लेबर वॉर्डात सिस्टर होती. "प्रेमला सिस्टर येतायत" असं तिच्याबद्दल कुणी म्हटलं की शिकाऊ डॉक्टर मोबाइल खिशात टाकायचे. ती हसली नाही.

"तू नाही म्हणालीस का?"

"म्हणजे... शिंगं म्हणाले ना."

"हसलीस. त्यांना वाटलं, भाव वाढवतेय."

मग भांडी जरा जास्तच आवाज करत लावायला लागली. पाठ माझ्याकडे. "मुलगी म्हटल्यावर बाळाचं तोंड न बघता डबा घेऊन परत गेलेल्या सासवा मी मोजायच्या सोडून दिल्या होत्या. आणि जी वॉर्डापर्यंत पोचलीच नाहीत, ती कुणी मोजायची?"

१६ नोव्हेंबर

आई बोलत नाही. पोह्यात मीठ नाही. मुद्दाम.

१८ नोव्हेंबर

नाही म्हटलं. सरळ. उभी राहून.

"आजी, निकिताताईंचं मी बघणार नाही. कधीच नाही. गुन्हा आहे. आणि नसता, तरी बघितलं नसतं."

सोजरबाई थंडपणे म्हणाल्या, "म्हशीला रेडी मागतो तवा तुमी बी हसत हुता. बाईला पोरगा मागितला की गुन्हा व्हय?"

"पोटात रेडा आहे म्हणून म्हशीचं पोट नाही ना रिकामं करत तुम्ही!"

जमलं! अशी उत्तरं मला एरवी घरी आल्यावर, दात घासताना सुचतात.

आनंद टिकला थोडाच वेळ. जयसिंगराव आले. पांढरे कपडे, पांढरी गाडी, आवाज सायीसारखा. "मॅडम, आपण एज्युकेटेड माणसं. सायन्सच आहे ना शेवटी? कुणाला कळणारे?"

"मला."

"बरं." मोबाइलकडे बघत. "मग असं करू. तुमच्या तपासणीनं म्हशींना त्रास होतोय. दूध कमी झालंय. उद्यापासून थांबूया आपण."

दूध रोज मी मोजते. थेंबभर कमी झालेलं नाही.

१९ नोव्हेंबर

सरांना सांगितलं. सर आधी म्हणाले, "अगदी बरोबर केलंस." मग पेनाचं टोपण काढलं, लावलं. "पण जरा टॅक्टफुली करता आलं असतं." मग एकदम सुचल्यासारखं — "मशीन बिघडलंय म्हणायचं!"

आणि मग म्हशी काय कान लावून तपासू, सर? मनात म्हटलं. तोंडाने "हो सर."

नेमक्या महत्त्वाच्या तपासण्या उरल्यात. आत्ता थांबलं तर आधीचं सगळं रद्दी. एवढ्या म्हशी एका छपराखाली पुण्यात दुसरं कोण देणार? जिथे जाते तिथे गोठ्याच्या जागी क्लबहाऊस.

पार्किंगमध्ये हेल्मेट घालून रडले. हेल्मेटचा हा फायदा वाहतूक पोलीस कधी सांगत नाहीत.

२२ नोव्हेंबर

सामान आणायला गेले — हातमोजे, जेल, दुधाच्या बाटल्या. मशीन गळ्यात, कारण नियम. गोठ्यात माणूस नव्हतं. पिशवी भरत होते तेवढ्यात निकिता आत आली आणि तिने मागे दार लोटून घेतलं.

"मॅडम, मशीन लावूसुद्धा नका. फक्त बाहेर जाऊन सांगा — मुलगा आहे."

मला कळेचना. "आणि मुलगी झाली तर?"

"म्हशीचं मशीन हो! चुकलं म्हणायचं."

मला फिस्सकन हसू आलं. तिलाही. शेणात उभ्या राहून दोघी हसतोय, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडावर हात. तिचा हात मग तिथेच राहिला आणि वरून डोळे वाहायला लागले.

"तुम्ही नाही म्हणालात. आता हे दुसरीकडं विचारतायत. मिळेल कोणीतरी, मिळतंच. मला फक्त पोट दिसेपर्यंत वेळ काढायचाय. एकदा पाहुण्यारावळ्यांत कळलं की मग कोण हात लावायला धजणार नाही."

तक्रार करता येते, म्हटलं. नाव गुप्त ठेवतात.

"आणि जेवायला कुठं बसू? त्याच ताटावर ना?"

"माहेरी?"

"नांदून घे म्हणतात."

मी नाही म्हणाले. खोटं सांगितलं तरी तो गुन्हाच. माझी नोंदणी जाईल, मशीन सील होईल, इन्स्टिट्यूट अडचणीत येईल. आणि मुलगी झाल्यावर तिच्यावर काय येईल तेही सांगितलं. सगळं मुद्देसूद. एक शब्द चुकीचा नव्हता. ती ऐकून घेत होती. बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांचं असंच ऐकत असणार.

"ठीक आहे," म्हणाली. डोळे पुसले आणि दार उघडलं.

समोर बाजेवर सोजरबाई. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सुनेकडे. मग माझ्या गळ्यातल्या मशीनकडे.

मी पिशवी उचलून चालू लागले.

२३ नोव्हेंबर

आईला सगळं सांगितलं. म्हणाली, "बरोबर वागलीस."

मी पुढच्या "पण"ची वाट बघत राहिले. आलाच नाही. त्याने आणखी वाईट वाटलं.

बरोबर वागल्यावर झोप अशी उडते का? का हे फक्त आमच्याकडे?

२४ नोव्हेंबर

तक्रारीचा सरकारी नंबर फिरवला. वाजला. उचलायच्या आत ठेवला. तिचं "त्याच ताटावर ना?" आठवलं. भित्री आहे की शहाणी, ठरत नाही. बहुतेक भित्री.

२५ नोव्हेंबर

सकाळी जयसिंगरावांचा फोन — "या मॅडम, म्हशी तुमची वाट बघतायत." मला काही समजेना. गेले. गोठ्याच्या दारातच जयसिंगराव, पेढ्यांचा बॉक्स उघडून. वाकून हळूच म्हणाले, "निकितानं सांगितलं आम्हाला. नाही नाही म्हणत त्या दिवशी दार लावून बघितलंत की शेवटी! मुलगा आहे. आता दुसरीकडं जायची गरज नाही. काळजी नको, तुमचं नाव बाहेर जाणार नाही."

त्यांच्या मागे निकिता उभी होती. हसली नाही. विनवलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

पेढा घेतला. तोंडात टाकला. गिळला.

मग म्हटलं, "घरी आई आहे. तिच्यासाठी एक द्या."