आईचा ब्लॉक

५ जानेवारी, सोमवार
रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर कामिनी मॅडमनी आज काचेची स्लाइड परत पाठवली. मधोमध उभी रेघ! "हर्षा, ब्लेड काहून नाही बदलवलं?" चूक माझीच. एखादा टणक कण लागला की पात्याला बारीक खाच पडते, आणि पुढच्या प्रत्येक कापावर तीच रेघ उठते.

बारा वर्षं या लॅबमध्ये पेशंटच्या गाठींचे तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून कापते आहे, केसाच्या विसाव्या भागाएवढे पातळ. धारेत जादू नसते — हाताचा सगळा जोर एका रेषेवर येतो, बस. धार गेली की तोच जोर पसरतो. मेण कापलं जात नाही, चेंगरतं. घरी बोथट सुरीखाली टोमॅटोचं तेच होतं.

८ जानेवारी
आईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आमच्याकडेच आला. भीमाबाई, वय ६१. भाताच्या दोन शितांएवढा! मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या कोणाला दे. नाही दिला. आईचा तुकडा मी कोणाच्या जुन्या पात्याखाली जाऊ देणार होते?

९ जानेवारी
घात झाला. नवं ब्लेड, बर्फावर गार केलेला ब्लॉक, पात्याचा कोनही नीट — आणि आत, गाठीतच साचलेला चुन्याचा खडा! सगळ्या कापांवर रेघा. खड्याच्या पलीकडे जाऊ म्हणून कापायच्या यंत्राचं चाक फिरवत राहिले, फिरवत राहिले... तुकडाच संपला. नुसतं मेण उरलं. मॅडम रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

१० जानेवारी
आईला सांगितलं, पुन्हा सुई घालावी लागेल.
"मले नाही टोचाचं आता. दुखत तं नाही! तू काहून रडून राहिली वं?"

१९ जानेवारी
ऐकतच नाही. मॅडम रोज विचारतात, "आईले आणलं का?"

२२ जानेवारी
आई आज पापड लाटता लाटता म्हणाली, "तुह्याच हातानं कापलं ना? मंग काही वाईट नसनच."
जेवण गेलं नाही.

२३ जानेवारी
इथेही खोटंच लिहिलं मी. खडा नव्हता. पहिलाच काप स्वच्छ आला होता — एक रेघ नाही! रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात जे दिसलं, तसं बारा वर्षांत शेकडो पेशंटचं पाहिलंय. मग दुसरा कापला, तिसरा... वाटलं, खोलात कुठेतरी चांगलं निघेल. पहिली स्लाइड दोन आठवडे माझ्या पर्समध्ये रुमालात होती. आज मॅडमच्या टेबलावर ठेवली.