कोबायाकावा अजून डोंगरावर आहे

९ ऑक्टोबर

हसनाबादला पोचले. कुंभार पिंपळगावाहून दोन गाड्या बदलाव्या लागल्या, पण स्टँडवर सुरजमल शेठजी स्वतः घ्यायला आल्ते. जपानी शिकून काय करणार, असं गावात ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना माझ्या खोलीचा फोटो पाठवला. खिडकीतून फुटलेल्या कपाशीचं पांढरं रान दिसतं. प्रेमबाई काकूंनी गट्ट्याची भाजी तीनदा वाढली. भाकरी चांगुणाबाईंच्या हातची.

काम सोपं. त्यांचा मुलगा अर्पित सहा वर्षं जपानात नोकरीला होता. मार्चमध्ये परतला, तेव्हापासून फक्त जपानीतच बोलतो. डॉक्टर करून झाले. तो काय म्हणतो ते मी आईबापाला सांगायचं.

१० ऑक्टोबर

अर्पित शांत आहे, देखणा आहे. मोठ्या टेबलावर त्यानं सेकिगाहाराची लढाई मांडली आहे. डोंगर कापसाचे, पूर्वेची फौज ज्वारीची, पश्चिमेची सरकीची. १६०० सालची ही लढाई आम्हाला अभ्यासाला होती. कोबायाकावा पश्चिमेकडचा सरदार, पंधरा हजार माणसं घेऊन डोंगरावर बसला होता. ऐन वेळी खाली उतरला आणि आपल्याच बाजूवर तुटून पडला. तिथंच पूर्वेची फौज जिंकली. अर्पित रोज सकाळी आठला ती लढतो, निकाल बदलून बदलून.

मधेच म्हणाला, आईच्या हातचं वरण आवडतं. मी सांगितलं तशा काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

१३ ऑक्टोबर

आज कोबायाकावा उतरलाच नाही, पश्चिम जिंकली. मग अर्पितनं डोळे मिटले आणि म्हणाला, पडलेल्यांत गाडी चालवणारा आहे. मी हसत हसत शेठजींना सांगितलं. ते हसले नाहीत. ड्रायव्हर तातेरावकडून चावी काढून घेतली आणि त्याला घरी पाठवलं.

१४ ऑक्टोबर

तातेराव सकाळी घरच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. तिथंच गेला.

१५ ऑक्टोबर

मी सरळ विचारलं. शेठजींनी दार लोटून सगळं सांगितलं. मार्चपासून पाच माणसं गेली म्हणे, तातेराव सहावा. दर वेळी आदल्या दिवशी अर्पित काहीतरी बोलायचा. टेबल जाळून पाहिलं, तर त्यानं फरशीवर मांडलं.

"काय बोलून राह्यला तेच कळंना, बेटा. म्हणून तुला आणलं. आधी कळलं तर वाचवता येईल, असं वाटलं होतं."

१६ ऑक्टोबर

आज कोबायाकावा उतरला, पूर्व जिंकली. पडलेल्यांत भाकरी थापणारी. चांगुणाबाईंना लगेच शहागडला लेकीकडे पाठवलं.

१७ ऑक्टोबर

शहागडहून फोन आला. चांगुणाबाई गेल्या. झोपेतून उठल्याच नाहीत.

१८ ऑक्टोबर

अर्पितला जपानीतच विचारलं, का करतोस. म्हणाला, मी करत नाही, मला दिसतं. मांडलं नाही तरी दिसतं.

बॅग भरली. शेठजींनी अडवलं नाही. उद्या पहिल्या गाडीनं —

१९ ऑक्टोबर

गेले नाही. निघताना त्यानं हाक मारली. म्हणाला, कोबायाकावा उतरला तर मला जन्म देणारी. नाही उतरला तर, तू ज्याची मुलगी आहेस तो. एकवीस तारखेला, लढाईच्या दिवशी. आणि या वेळी सरकी हलवणारा हात तुझा.

काकूंना सांगितलं, जेवणाबद्दल बोलत होता. त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

गावी वडिलांना, अण्णांना, फोन केला, घराबाहेर पडू नका म्हटलं. कापूस वेचायचा सोडून घरात बसू का, म्हणून हसले. घरात बसून तरी काय — तातेराव घरीच होता.

२० ऑक्टोबर

सगळी सरकी टेबलावरून लोटून दिली. दाणा दाणा वेचून त्यानं परत मांडली. डोंगर बराबर तिथंच.

अण्णांना पुन्हा फोन. काय सांगू — नुसतं विचारलं, जेवलात का.

काकूंना कळलंय. कसं, माहीत नाही. आज त्यांनी अर्पितला स्वतः भरवलं.

२१ ऑक्टोबर

आठ वाजले. हात उचलवत नाही. काकू येऊन शेजारी बसल्या. म्हणाल्या, "उतरू दे त्याला, बेटा. तुझ्या बापाला राहू दे." मी नाही म्हणाले. खरंच म्हणाले. पण हात आखडून घेतला नाही — माझा हात धरून त्यांनीच डोंगरावरची सरकी खाली —

अर्पित रडतोय. आईच्या मांडीवर डोकं ठेवून. आज निकाल वेगळाच दिसतोय म्हणतो. कोण जिंकलं ते नाही. म्हणतो पडलेले —

काकूंची मान —

माझा फोन वाजतोय. घरून. अर्पित एकच शब्द म्हणतोय, पुन्हा पुन्हा, शेठजी विचारताहेत काय म्हणतोय, काय — दोघं. दोघंही म्हणतोय. फोन अजून —