भिंतीवरची उलटी नदी

२ मार्च
आजपासून स्केचपेनने. बॉलपेनचं लिहिलेलं मलाच दिसेना.
सकाळी पालिकेच्या दवाखान्यात. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय, काका आता थांबू नका, असं नेत्रविभागातल्या सिस्टर म्हणाल्या. मी कुठे थांबलोय? पालिका थांबलीय. ऑपरेशनचं मशीन आलं, फीत कापली, नावांची पाटी लागली. ते चालवणाऱ्या डॉक्टरची तरतूद अंदाजपत्रकात राहून गेली. मांडव घातला, बँड आणला आणि नवरदेवाला कळवायचं विसरले. मशीनवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही.
उजवा डोळा कारखान्यात लेथवर लोखंडाचा कीस उडून गेला, त्याला किती वर्षं झाली. आहे तो हा एकच.

५ मार्च
मार्चएंडची कुदळ सुरू. आमच्या रस्त्याचे धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडतायत, तसेच नवे बसवायला. खर्च झाला नाही तर निधी परत जातो म्हणे, मग तो जमिनीत पुरलेला बरा. पालिकेत जाऊन विचारलं, ह्यातूनच डॉक्टर का नाही आणत. क्लार्क वर न बघता म्हणाला, ‘आजोबा, ते खर्चाचं शीर्ष वेगळं.’ शीर्ष वेगळं हे खरंच. धडावर दिसत नाही कुणाच्या.
बेलवलीहून लेकीचा फोन. खाजगीत करू, आम्ही बघतो. नको म्हटलं. तिच्या घराचे हप्ते चालू आहेत.

९ मार्च
समोरच्या रिकाम्या प्लॉटवर ‘काव्योद्यान’ होतंय. शाळेच्या कवितांची भिंत, टाइल्सवर छापून. बांधकाम विभागाचा जाधव स्वतः घरी आला. जयभीम काका, तुम्हाला जुन्या कविता तोंडपाठ आहेत असं कळलं, उद्घाटनाला एक म्हणा.
खोटं कशाला लिहू, हरखलो. तिसरीचा वर्ग, खाली गोणपाट, गुरुजी दाराला टेकलेले, आणि आम्ही चाळीस पोरं एका आवाजात नदीची कविता... डोंगरातून निघते, शेतांना पाजते, गावं ओलांडते, शेवटी समुद्रात. माझा सगळा भूगोल त्या कवितेत झाला. आजही झोप आली नाही की तिच्याबरोबर उतरत जातो.
जाधव गेल्यावर आमची ही, कमल, म्हणाली, ‘डोळ्याचं विचारलंत?’
नाही विचारलं.

१७ मार्च
भिंत तयार. संध्याकाळी कमलला घेऊन गेलो. मला नुसता पांढरा चौकोन. ती वाचायला लागली. पहिलीच ओळ समुद्राची. म्हटलं, वरून वाच. ‘वरूनच वाचतेय.’ मग शेतं, मग गाव, मग परत समुद्र, आणि तळाला डोंगर. मी म्हटलं, तू चुकतेस.
‘अहो, दुकानाच्या पाट्या वाचून जन्म गेला माझा. लिहिलंय तेच वाचतेय.’
पुन्हा वाचायला लावलं. चार वेळा. शेवटी ती चिडली. आमची नदी समुद्रातून निघून डोंगर चढत होती. पालिकेतला पैसाही असाच वाहतो, खालून वर. त्यांना वावगं वाटलं नसणार.

१८ मार्च
टाइल बसवणारा माणूस भेटला. एका टाइलवर एक ओळ, काहींना फुलांची किनार. तो सांगत होता, ‘अंकल, फूलवाला किनारे पे, सादा बीच में. नहीं तो डिझाइन कैसे मॅच होगा?’ त्याला मराठी वाचता येत नाही, तशी अपेक्षाही नाही. हात मात्र सफाईदार, सांधा बोटाला लागत नाही. विचारलं, कोणी तपासायला आलं नाही? आले होते ना, म्हणाला, फोटो काढून गेले.

२० मार्च
जाधवच्या टेबलाशी. चूक त्याने लगेच मान्य केली. मग हसत म्हणाला, दुरुस्तीचा प्रस्ताव टाकू काका, पुढच्या वर्षाच्या निधीतून. म्हणजे एकाच भिंतीवर दोन वर्षं जेवणार. कविता न वाचता तिच्यावर पोट भरणारे लोक मी प्रथमच पाहिले.
आज मात्र डोळ्याचं विचारलं. उद्घाटनाला मुख्य साहेब आहेत, म्हणाला, तिथेच त्यांच्या कानावर घाला. आणि खालच्या आवाजात, ‘भिंतीचं काढू नका तेवढं.’
कमलला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, डोळा आला तर भिंत तुम्हीच वाचाल, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला.

२८ मार्च
झालं. शाल, नारळ, रोप. पाच भाषणं, सगळ्यांना कवितेची बालपणापासून आवड. पाठीमागे नदी डोंगर चढतेय, एकानेही वळून पाहिलं नाही.
मी माइकपाशी. दोन कडवी नीट उतरली. तिसऱ्याला शेतं यायची तिथे समुद्र आला तोंडात. भिंतीच्या क्रमाने. थांबलो, मागची ओळ शोधली, मिळेना. मग समुद्रच म्हणून टाकला. टाळ्या. साहेब म्हणाले, वा, या वयात काय पाठांतर. फक्त कमल माझ्याकडे बघत होती.
भिंतीचं बोललो नाही. डोळ्याचं बोललो. ‘ह्याच आठवड्यात करून टाकू, आजोबा.’ ठाण्याहून डॉक्टर मागवायची ऑर्डर काढा, असं शेजारच्याला सांगितलं. त्याने लिहून घेतलं, माझ्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर.
घरी येताना कमलने विचारलं, विसरलात का हो? नाही म्हटलं.

२९ मार्च
दिवसभर नदी जुळवत बसलो. गुरुजींचा आवाज आठवतो, ओळ येते ती कमलच्या आवाजात. साठ-पासष्ट वर्षं नीट वाहिली. ह्या लोकांनी एका संध्याकाळीत...

३१ मार्च
दुपारी सिस्टरांचा फोन. गुरुवारी डॉक्टर येणार, ऑर्डर टेबलावर आहे, सही तेवढी राहिलीय. दिलेले थेंब आजपासून सुरू करा, दिवसातून चार वेळा.
‘आणि सही नाही झाली तर?’
‘तर थेंबांनी काही बिघडत नाही, काका.’
रस्त्यावर रोलर फिरतोय, आज संपवायचंय त्यांना. कमलने बाटलीचं झाकण उघडलं आणि म्हणाली, वर बघा.