चौथ्या रविवारचा पेढा

आई, तू कुठं जायचीस हे मला आता कळलं आहे. तरी आधी मला काय वाटत होतं ते सांगते, कारण तुला ते कधी कुणी सांगितलं नाही. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस आपल्या जालन्याच्या घरात कडक असायचे. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की गोड बंद, चहासुद्धा बिनसाखरेचा. मध्ये चौथा रविवार तेवढा आनंदाचा. फादर जांभळा झगा बाजूला ठेवून गुलाबी घालायचे, वेदीवर तेवढ्याच दिवशी फुलं असायची. तूही अबोली साडी नेसायचीस. मिस्सेची प्रार्थना झाली की म्हणायचीस, चर्चमधली एक बाई आजारी आहे, भेटून येते, आणि एसटी स्टँडकडं निघायचीस. ती बाई दरवर्षी नेमकी त्याच रविवारी कशी आजारी पडते, हा प्रश्न बाबांना पडत नव्हता. मला पडला. सातवीत होते, पण संशय घ्यायला वय लागत नाही. त्या वर्षी तू परत येऊन हातपाय धुवायला गेलीस आणि मी तुझी पिशवी उघडली. तळाशी कागदाची पुडी, पुडीत पेढा आणि कागदाला शेंदूर. माझ्या डोक्यात लगेच राजूरचा गणपती आला. आपल्याला उपवास सांगून ही चोरून देवळात जाते, असं मी ठरवूनच टाकलं.

बाबा चर्चची घंटा वाजवायचे, किल्ल्या त्यांच्याकडं. मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तुला शांतपणे विचारलं, "राजूरला गेल्ती का?"

"गेल्ते."

"कशाला?"

तू माझ्याकडं पाहिलंस, त्यांच्याकडं नाही. मग म्हणालीस, "पुन्हा न्हाई जाणार." आणि गेली नाहीस. पुढच्या वर्षी चौथ्या रविवारी तू अबोली साडी नेसून दिवसभर ज्वारी निवडत बसलीस. मी मनात म्हटलं, बरी सापडली.

तू देवाघरी गेल्यावर इतक्या वर्षांनी तुझ्या माहेरचं माणूस भेटलं. धाकटी मावशी, कुंभार पिंपळगावची. ख्रिस्ती माणसाशी लग्न केलंस म्हणून आजोबांनी तुला दार बंद केलं होतं, हे मला माहीत होतं. बाबांचा तेव्हा झालेला अपमान आणि माहेरचं नाव काढणार नाही ही तू त्यांच्यापाशी घेतलेली शपथ, हेही. मावशीनं सांगितलं ते मात्र माहीत नव्हतं. आजी दर्शनाचं निमित्त काढून वर्षातून एकदा राजूरला यायची. आपला राखेचा बुधवार कधी आहे ते गावातल्या ख्रिस्ती नर्सबाईला विचारायची आणि तिथून बोटांवर रविवार मोजायची. राजूरच्या स्टँडमागच्या झाडाखाली तुम्ही दोघी अर्धा तास बसायचा. तू देवळात पाऊल टाकलं नाहीस. पेढा आजीच द्यायची. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मी मावशीला खिंडीत पकडायला विचारलं, आई कोणत्या रंगाची साडी नेसून यायची? ती म्हणाली, अबोली. मग हळूच म्हणाली, "तुझी आई यायची बंद झाली, असं म्हातारीला वाटलंच न्हाई. मोटार चुकली असंल म्हणायची. तीन वर्षं येऊन बसली, मंग गुडघेच राह्यले न्हाईत."

एका शब्दानं तू सुटली असतीस. पण बाबांपाशी घेतलेली शपथ मोडल्याचं त्यांना कळलं असतं, आजोबांनी आजीला घराबाहेर पडू दिलं नसतं. म्हणून तू देवाची चोर झालीस, आणि तेही माझ्यामुळं. मला फार लाज वाटते आई. पुढच्या रविवारी फादर गुलाबी झगा घालतील आणि मी नेहमीसारखी मागच्या बाकावर बसेन.

एक गोष्ट राहिली. आजी पेढा देताना काय म्हणायची तेही मावशीनं सांगितलं. "नातीला दे." बाबांसमोर मी फक्त कागद ठेवला होता. पेढा कुठं गेला, हे त्यांनी विचारलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. उपवास माझाही होता. तो पेढा मी न्हाणीघराच्या दाराआड उभी राहून खाल्ला होता, तू आत पाय धूत असताना.